घरच्या टॅक पॉलिमरेजने १६एसच्या ब्लँकमध्ये बँड येतोय, ई. कोलायचा डीएनए काढायचा कसा?

पिपेटवाली

टॅक पॉलिमरेज (पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) लॅबमध्येच बनवतो. पद्धत प्लुथेरोच्या १९९३ च्या लेखातली, जवळजवळ जशीच्या तशी. पुढचं वाचताना आकडे लागतील म्हणून सगळं लिहिते.

पीटॅक प्लाझ्मिड (टॅकचा जीन असलेलं छोटं वर्तुळाकार डीएनए), होस्ट डीएच५-अल्फा (ई. कोलायचा लॅबमधला वाण). १ लिटर एलबी (वाढीचं माध्यम), ॲम्पिसिलिन १०० मायक्रोग्रॅम/मिलि. ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.८ ला १२५ मिग्रॅ आयपीटीजी (टॅक बनवणं सुरू करणारं रसायन), मग ३७ अंशांवर १६ तास. काढताना ओडी साधारण ३. पेलेट ए बफरमध्ये (ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.९, ग्लुकोज ५० मिलिमोलर, ईडीटीए १ मिलिमोलर) धुऊन ५० मिलि ए बफर, लायसोझाइम ४ मिग्रॅ/मिलि, १५ मिनिटं. त्यात ५० मिलि लायसिस (पेशी फोडायचं) बफर (ट्रिस १० मिलिमोलर, केसीएल ५० मिलिमोलर, ईडीटीए १ मिलिमोलर, प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ १ मिलिमोलर, डिटर्जंट ट्वीन-२० आणि एनपी-४० प्रत्येकी ०.५ टक्का). ७५ अंशांवर १ तास, स्पिन. सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात) दर १०० मिलिला ३० ग्रॅम अमोनियम सल्फेट. साका (वेगळं झालेलं प्रथिन) २० मिलि ए बफरमध्ये विरघळवून ५० टक्के ग्लिसरॉलच्या स्टोरेज बफरमध्ये दोनदा डायलिसिस. शेवटी ९ मिलि एन्झाइम.

लॅम्डा विषाणूच्या डीएनएच्या ५०० बेसच्या तुकड्यावर झकास चालतं, ब्लँक (टेम्प्लेट न घातलेली रिॲक्शन) स्वच्छ. अडचण १६एसला (सगळ्या जिवाणूंत असलेला, त्यांची ओळख पटवायला वापरतात तो जीन). प्रायमर २७एफ–१४९२आर, ३० सायकल, २५ मायक्रोलिटर रिॲक्शन: टेम्प्लेट न घालताही १.५ केबीला ठळक बँड. विकतच्या टॅकने तोच ब्लँक ३० सायकलला स्वच्छ, ३५ ला पुसट बँड.

आणखी दोन गोष्टी. २ मायक्रोलिटर एन्झाइम घातलं की जेलच्या लेनभर स्मिअर (बँडऐवजी पसरट डाग). पाव मायक्रोलिटर घातलं की कधी चालतं, कधी नाही. पाणी, प्रायमर, डीएनटीपी सगळं नवीन काढून पाहिलं आहे.

कॉलम न लावता काही करता येईल का? एफपीएलसी (प्रथिनं शुद्ध करायचं कॉलमचं यंत्र) नाही.

---

ताकभात

आधी खात्री करून घ्या की हा डीएनए एन्झाइममधूनच येतोय. पाणी बदललं म्हणजे पाणी सुटलं असं नाही, नवीन बाटलीही त्याच लॅमिनार फ्लोमध्ये उघडली असणार.

एकाच मास्टर मिक्समधून पाच ब्लँक लावा: घरचं टॅक ०.५, १ आणि १.५ मायक्रोलिटर, विकतचं टॅक १ मायक्रोलिटर, आणि पाचव्यात विकतचं टॅक १ मायक्रोलिटर अधिक तुमचं एन्झाइम ९५ अंशांवर तासभर उकडून १ मायक्रोलिटर. पाचवी ट्यूब सगळ्यात बोलकी. उकडल्यावर तुमचं पॉलिमरेज बरंचसं मेलेलं असतं (९५ अंशांवर अर्धायुष्य सुमारे ४० मिनिटं), पण डीएनए तसाच असतो. तिथे बँड आला आणि निव्वळ विकतच्या ट्यूबमध्ये नाही आला, तर प्रश्न मिटला. सायकल ३० ऐवजी २४, २७, ३० अशी तीन ठिकाणी थांबवा. ३० ला सगळे बँड सारखेच जाड दिसतात, कारण रिॲक्शन पठारावर पोचलेली असते. २४–२७ ला एन्झाइमचं प्रमाण आणि बँडची जाडी यांची संगती दिसेल.

जमलं तर ब्लँकमधला बँड कापून सिक्वेन्सिंगला पाठवा. एश्चेरिशिया (म्हणजे ई. कोलाय) आलं तर होस्ट. राल्स्टोनिया, स्यूडोमोनास आलं तर पाणी किंवा किट. क्युटिबॅक्टेरियम आलं तर हातमोजे आणि त्वचा. वाचता न येणारी खिचडी आली तर दोन्हीकडून गळती.

आता हिशेब, म्हणजे किती साफ करायचंय ते कळेल. ओडी ३ म्हणजे ढोबळमानाने मिलिला २.४ अब्ज पेशी, लिटरला २.४ लाख कोटी. दर पेशीत किमान एक जिनोम, ४६ लाख बेसजोड्या, वजन ५ फेम्टोग्रॅम. म्हणजे लिटरभर कल्चरमध्ये निदान १२ मिग्रॅ डीएनए. तो सगळा ९ मिलि एन्झाइममध्ये आला असता तर दर मायक्रोलिटरला सव्वा मायक्रोग्रॅमच्या वर.

दुसऱ्या बाजूने: ई. कोलायच्या जिनोममध्ये १६एसच्या ७ प्रती. १ पिकोग्रॅम डीएनए म्हणजे २०० जिनोम, १४०० प्रती. दर सायकलला १.८ पट धरा, ३० सायकलला साडेचार कोटी पट. १४०० गुणिले तेवढे, १.५ केबीचे रेणू, वजन करा: १०० नॅनोग्रॅम. २५ मायक्रोलिटरमधले ५ जेलवर घातले तर २० नॅनोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारा बँड.

थोडक्यात, सव्वा मायक्रोग्रॅमपासून १ पिकोग्रॅमच्याही खाली यायचंय. तेरा लाख पट. उकळणं आणि अमोनियम सल्फेट मिळून काहीशे ते काही हजार पट काढत असतील, उरलेलं सगळं तुमच्या ब्लँकमध्ये दिसतंय. लॅम्डाचे प्रायमर ई. कोलायला चिकटत नाहीत म्हणून तिथे ब्लँक गोरापान. त्यात एन्झाइमचा दोष नाही.

---

बर्फाची_बादली

कॉलमशिवाय करायचं तर पॉलिएथिलीनइमाइन, अर्थात पीईआय. धनभारित पॉलिमर, डीएनए-आरएनएला मिठी मारून खाली बसतो. टॅकसाठी नवीन नाही, १९९० च्या एका जुन्या पद्धतीतही पीईआय आहे. पण तिथे कमी मिठात टॅकला डीएनएबरोबरच खाली बसवतात, मग जास्त मिठाने टॅक सोडवून घेतात. तुम्हाला उलट हवंय: टॅक वर राहावं, डीएनए खाली जावा. सगळी किल्ली मिठात आहे.

५० मिलिमोलर मिठात पीईआय घातलं तर टॅकही साक्यात जाईल आणि हाती पाणी उरेल. ०.५ मोलर सोडियम क्लोराइडला टॅक सुटं असतं, डीएनए मात्र पीईआयला धरून असतो. १ मोलरच्या पलीकडे गेलात तर डीएनएही सुटू लागतो, म्हणजे सगळा खटाटोप वाया.

क्रम असा ठेवा. लायसिस, ७५ अंश, स्पिन हे तुमचंच. सुपरनेटंट बर्फात गार करा. ५ मोलर सोडियम क्लोराइड घाला, ९० मिलि लायसेटला १० मिलि. मग ५ टक्के पीईआय, ढवळत ढवळत, थेंब थेंब, शेवटचं प्रमाण ०.२ टक्के येईल इतकं, म्हणजे १०० मिलिला ४ मिलि. बर्फावर १५ मिनिटं. १५,००० जी, २० मिनिटं, ४ अंश. वरचं घ्या, त्यात अमोनियम सल्फेट नेहमीसारखं.

पीईआय बाटलीतून येतं ते ५० टक्के आणि मधासारखं चिकट. पिपेटने मोजू नका, तराजूवर तोला. १० ग्रॅम घेऊन ७० मिलि पाणी, मग हायड्रोक्लोरिकने पीएच ७.९ वर आणा, १०० मिलि करा. हे पीएचचं विसरू नका. कच्चं द्रावण चांगलंच अल्कली असतं. तसंच ओतलं तर लायसेटचा पीएच चढतो आणि प्रथिनंही सोबत बसतात. पीएच आणताना ॲसिड भरपूर लागतं, गरम होतं, सावकाश करा.

थेंब पडेल तिथे पांढरे धागे दिसतील, ढवळलं की धुकं होईल. दोन मिनिटं थांबून पुढचा थेंब टाकला आणि नवीन धुकं आलं नाही, तर तिथेच थांबावं. पीईआय जास्त झालं तर साका पुन्हा विरघळू लागतो.

अमोनियम सल्फेटची पायरी इथे दुहेरी कामाची आहे. ५० टक्क्यांच्या आसपास टॅक बसतं आणि सुटं पीईआय वर राहतं. ती टाळून थेट डायलिसिस केलंत तर पीईआय पिशवीतच राहतं, आणि मग पीसीआरमधल्या टेम्प्लेटलाच मिठी मारतं.

एक बघण्यासारखी गोष्ट. तुमच्या लायसेटमध्ये ट्वीन आणि एनपी-४० आहेत, त्यामुळे अमोनियम सल्फेटनंतर टॅकचा साका फक्त तळाला बसत नाही. बराचसा वर तरंगतो, साय धरल्यासारखा. नवीन माणूस स्पिननंतर वरचं सगळं ओतून देतो आणि मग "यील्ड पडलं" म्हणतो. प्लास्टिकच्या चमच्याने वरची साय आणि तळाचा गोळा दोन्ही घ्या, मधलं पाणी टाका.

---

मोलर_मास्तर

पीईआयला विरोध नाही, पण त्याआधी सोपं काहीतरी आहे. लायसिसच्या वेळीच डीएनएज-१ (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला. तसंही पुढे ७५ अंशांवर तासभर ठेवायचंच आहे, डीएनएज तिथे आपोआप मरतं. मागाहून काढायची कटकट नाही.

फक्त तुमचे बफर जसे आहेत तसे चालणार नाहीत. डीएनएज-१ ला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतं, आणि तुमच्याकडे दोन्ही बफरांत १ मिलिमोलर ईडीटीए, जो ते दोन्ही धरून ठेवतो. त्यात डीएनएज टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तर:

लायसोझाइमची पायरी ईडीटीएसह करा, तिथे तो हवाच, बाहेरचं आवरण सैल होतं. पण लायसिस बफर ईडीटीएविना. एकत्र झाल्यावर ०.५ मिलिमोलर ईडीटीए उरतो. मग मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड १ मिलिमोलर, डीएनएज-१ मिलिला १० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर ३० मिनिटं. पीएमएसएफ याच वेळी ताजं घाला. पाण्यात, ७.९ पीएचला ते तासाभरात निकामी होतं, सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलेलं पीएमएसएफ म्हणजे नुसता आयसोप्रोपेनॉल. लायसेट गुळाच्या पाकासारखा असतो तो पाण्यासारखा पातळ झाला की काम झालं.

मग आधी ईडीटीए १० मिलिमोलर, नंतर ७५ अंश. कॅल्शियम धरून असलेलं डीएनएज-१ उष्णतेला जास्त टिकतं. ईडीटीएने कॅल्शियम काढून घेतलं की लगेच मोडतं.

बेन्झोनेज नावाने मिळतं ते वापरू नका, कितीही कार्यक्षम असलं तरी. ते सेराशिया मार्सेसेन्सचं न्यूक्लिएज, तेही ई. कोलायमध्येच बनवलेलं. दोन धाग्यांचा डीएनए, एक धाग्याचा, आरएनए, काहीही खातं, आणि ७५ अंशांनी खात्रीने मरत नाही. किंचित उरलं तरी पीसीआरमध्ये मॅग्नेशियम मिळताच प्रायमर खाऊन टाकेल. ब्लँक स्वच्छ येईल आणि पॉझिटिव्हही स्वच्छ येईल!

कच्चं, स्वस्त डीएनएज घेतलंत तर त्यात आरएनएज असतं, ते ७५ अंशांना भीक घालत नाही. १६एसला फरक पडत नाही. हेच एन्झाइम कुणी आरटी-पीसीआरला (आरएनएपासून सुरू होणारी पीसीआर) नेलं तर पडेल.

डीएनएज मेलंय का याची चाचणी: तयार एन्झाइम ५ मायक्रोलिटर, लॅम्डा डीएनए ५०० नॅनोग्रॅम, मॅग्नेशियम २.५ मिलिमोलर आणि कॅल्शियम ०.५ मिलिमोलर घातलेलं पीसीआर बफर, २० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर २ तास. शेजारी एन्झाइमविना तेच. जेलवर दोन्ही सारखे दिसायला हवेत. कॅल्शियम घालायला विसरलात तर डीएनएज जिवंत असूनही अर्धवट झोपलेलं दिसेल.

आणि उष्णतेच्या पायरीबद्दल. ५० मिलिच्या गच्च भरलेल्या ट्यूब ७५ च्या बाथमध्ये सोडून घड्याळ लावू नका. प्लास्टिकमधून उष्णता मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. एका ट्यूबमध्ये थर्मामीटर घालून आतलं तापमान ७२ च्या वर गेल्यावर वेळ मोजा, दर पाच मिनिटांनी उलटीपालटी करा. प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी गुठळ्या धरतात, त्या मोठ्या आणि घट्ट हव्यात. नुसता पांढुरका ढग असेल तर अजून शिजलं नाही. अर्धवट शिजलेल्या लायसेटमध्ये ई. कोलायची स्वतःची न्यूक्लिएज आणि प्रोटिएज जिवंत राहतात.

---

बर्फाची_बादली

मास्तर, डीएनएज मान्य, पण नुसत्या डीएनएजवर तेरा लाख पट उतरेल असं वाटत नाही. प्रथिनात गुंडाळलेला डीएनए त्याला नीट सापडत नाही. दोन्ही एकामागोमाग करावं: आधी डीएनएज, मग उष्णता, मग पीईआय. उलट नुसत्या पीईआयचंही तेच, फार छोटे तुकडे त्याला घट्ट धरून राहत नाहीत. पण छोट्या तुकड्यांचं १६एसला भय नाही, २७एफ ते १४९२आर अखंड मिळाल्याशिवाय बँड नाही.

---

मोलर_मास्तर

अखंड मिळाल्याशिवाय पहिल्या सायकलला नाही, हे बरोबर. पण तुकडे ३००–४०० बेसचे राहिले तर एकमेकांवर चढून पुढच्या सायकलांत पूर्ण लांबी जुळवू शकतात. शिवाय व्ही३-व्ही४ (१६एसचाच छोटा भाग) करणाऱ्यांना ४६० बेसच पुरतात. म्हणून डीएनएज अर्ध्यावर सोडू नये. बाकी दोन्ही एकत्र करण्याला +१.

---

पिपेटवाली

खूप आभार. उकडलेल्या एन्झाइमची चाचणी लावली. विकतच्या टॅकचा ब्लँक २७ ला स्वच्छ, त्यातच उकडलेलं घरचं एन्झाइम घातलं की २७ ला बँड. म्हणजे घरचाच भेदी.

दोन उपप्रश्न. याच एन्झाइमने बीएलए-टीईएम या जीनची पीसीआर करायचा विचार आहे, आयसोलेट्समध्ये (वेगळे काढून वाढवलेल्या जिवाणूंत) ॲम्पिसिलिन प्रतिरोध बघायला. साफ केल्यावर चालेल का? आणि स्मिअर, पाव मायक्रोलिटर यांचं काय?

---

ताकभात

बीएलए-टीईएम या एन्झाइमने करू नका. साफ केल्यावरही नाही. पीटॅक बनलंय पीटीटीक्यू१८ वर, ते पीयूसी घराण्यातलं, पेशीत शेकडो प्रती आणि दर प्रतीवर ॲम्पिसिलिनचा जीन, तोच टीईएम घराण्यातला. १६एसच्या ७ प्रतींशी झुंजताय, इथे शेकडो आहेत. शिवाय प्लाझ्मिड वर्तुळाकार, छोटं आणि पीळ बसलेलं, उष्णतेने वेगळं झालं तरी थंड होताच पुन्हा जुळतं. विकतच्या टॅकमध्येही टीईएमचे अवशेष सापडल्याची नोंद आहे. यासाठी विकतचं घ्या आणि त्याचाही ब्लँक प्रत्येक वेळी लावा. लॅक-आय, लॅक-झेड (हेही ई. कोलायचेच जीन) यांचे प्रायमरही याच यादीत.

अवांतर: वज्रेश्वरी, उन्हवरे, उनपदेवच्या गरम झऱ्यांत थर्मस शोधणाऱ्यांनी पॉलिमरेजचा जीन घरच्या टॅकने वाढवला तर दरवेळी "सापडला" म्हणून येणारच. तो थर्मस ॲक्वाटिकस यलोस्टोनचा असेल, त्याच प्लाझ्मिडमधला.

आता स्मिअर. तुमचं एन्झाइम बहुधा खूप तेज आहे, कमजोर नाही. लिटरभरातून ९ मिलि म्हणजे विकतच्या ५ युनिट/मायक्रोलिटरपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. जास्त टॅक झालं की गार मिक्समध्येच प्रायमर कुठेही चिकटून वाढू लागतात (हॉट स्टार्ट, म्हणजे गरम झाल्यावरच चालू होणारं एन्झाइम, नाही ना), वर ५'–३' एक्सोन्यूक्लिएजही काम करतं. दुसरं कारण मीठ. अमोनियम सल्फेटचा साका नीट निथळला नाही आणि डायलिसिस घाईत झालं तर २ मायक्रोलिटरमधून बरंच मीठ जातं, आणि लांब ॲम्प्लिकॉन आधी बिघडतात. डायलिसिसची पिशवी सुरुवातीला ५० टक्के ग्लिसरॉलवर तरंगते, पाणी निघून ग्लिसरॉल आत गेलं की बुडते. बुडाल्यावरच बफर बदला, नंतर पुन्हा रात्रभर.

पाव मायक्रोलिटर कधी चालतं कधी नाही, याला कारण पिपेट. ५० टक्के ग्लिसरॉल इतकं अत्यल्प नीट उचललं जात नाही, टोकाच्या बाहेर चिकटलेला थेंबच पाव मायक्रोलिटरचा असतो. एन्झाइम पातळ करून १ मायक्रोलिटर घ्या. पण पाण्याने पातळ करू नका. विरळ टॅक प्लास्टिकला चिकटून बसतं आणि मरतं. स्टोरेज बफरमध्येच (ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.९, केसीएल ५० मिलिमोलर, ईडीटीए ०.१ मिलिमोलर, डीटीटी १ मिलिमोलर, ग्लिसरॉल ५० टक्के) ट्वीन-२० आणि एनपी-४० प्रत्येकी ०.५ टक्का घालून त्यात पातळ करा. डिटर्जंटविना टॅक लवकर थकतं.

युनिट मोजायला: दुप्पट-दुप्पट पातळ करत १ ला २ पासून १ ला २५६ पर्यंत आठ नळ्या. शेजारी विकतचं ५ युनिट/मायक्रोलिटर तसंच पातळ. लॅम्डा १ नॅनोग्रॅम, ५०० बेस, २२ सायकल. ३० केलंत तर सगळे सारखे दिसतील. दोन्हींत बँड जिथे अर्ध्यावर येतो त्या नळ्या जुळवा. विकतचं १ ला ८ ला अर्धं आणि तुमचं १ ला ६४ ला अर्धं, तर तुमचं ४० युनिट/मायक्रोलिटर. मग आठपट पातळ करून वापरायचं, आणि घाणही आठपट कमी. १६एसच्या ब्लँकमधला निम्मा त्रास इथेच जाईल: रिॲक्शनला सव्वा युनिट पुरतं, तुम्ही ४० घालत असाल.

ए२८० ने (२८० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो त्यावरून) प्रथिन मोजून युनिट काढायच्या नादी लागू नका. एनपी-४० मध्ये बेंझिनचं कडं असतं, ते स्वतःच २८० ला शोषतं. प्रथिन मोजायच्या ब्रॅडफर्ड चाचणीलाही ०.५ टक्का डिटर्जंट सोसत नाही.

---

चहाटळ_सेंट्रिफ्यूज

वरचं सगळं बरोबर, तरी एक कडू मत. घरचं टॅक कॉलनी पीसीआर, जेनोटायपिंग, क्लोनची तपासणी, विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक यासाठी उत्तम. वर्षाला हजारो रिॲक्शन होतात, वाचणारे पैसे खरे आहेत. पण १६एसचं सिक्वेन्सिंग करून आयसोलेट ओळखायचे असतील तर त्या ५०–६० रिॲक्शनसाठी डीएनए-मुक्त म्हणून विकलं जाणारं टॅक घ्या. साजूक तूप घरचं असलं तरी औषधाला कुणी अंदाजाने घालत नाही. शुद्ध कल्चरमधून घेतलेला १०–५० नॅनोग्रॅम टेम्प्लेट असेल तर पिकोग्रॅमभर ई. कोलाय हरतं, ते ठीक. पण मातीतला, लोणारच्या पाण्यातला, कमी बायोमासचा नमुना असेल तर जिंकणारा कोण ते सांगता येत नाही. आणि आयसोलेट खरोखरच एश्चेरिशिया निघालं तर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

कॉलम नको म्हणता, पण पाच मिलि हेपारिन कॉलम सिरिंजनेही चालतो. टॅक धरतो, डीएनए धरत नाही. ५० मिलिमोलर केसीएलला चढवा, भरपूर धुवा, ०.३–०.५ मोलरला उतरवा. पीईआयनंतर हे करायचं तर आधी डायलिसिसने मीठ उतरवायला विसरू नका, नाहीतर टॅक धरणारच नाही.

कागदपत्रांचं: के-१२ (ई. कोलायचा लॅबमधला निरुपद्रवी वाण) होस्टमधलं हे काम जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळ्यात कमी जोखमीच्या वर्गात बसतं, संस्थेच्या बायोसेफ्टी समितीला कळवून ठेवा. कल्चर आणि पेलेट धुतलेलं पाणी ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनमध्ये नाही. ॲम्पिसिलिनचा जीन त्यातही आहे.

---

पिपेटवाली

युनिट मोजलं. विकतचं १ ला ८ ला अर्धं, आमचं १ ला ३२ आणि १ ला ६४ च्या मध्ये. म्हणजे २० ते ४० च्या दरम्यान. आठपट पातळ करून १ मायक्रोलिटर घातल्यावर स्मिअर गेला, १६एसचा ब्लँक ३० ला अजून दिसतो पण फिका.

मग उरलेल्या लायसेटवर पीईआयचा पायलट. १ मिलिच्या पाच नळ्या, ०.५ मोलर मीठ, पीईआय ०, ०.०५, ०.१, ०.२, ०.३ टक्के. स्पिन करून सुपरनेटंट १ मायक्रोलिटर थेट १६एसच्या ब्लँकमध्ये. ० आणि ०.०५ ला बँड, ०.१ ला पुसट, ०.२ आणि ०.३ ला पूर्ण स्वच्छ. मग ०.२ ने पूर्ण बॅच करू का?

---

बर्फाची_बादली

थांबा. सुपरनेटंट थेट टाकलंत, म्हणजे त्यात सुटं पीईआय आहे. ०.२ आणि ०.३ चा ब्लँक डीएनए गेल्यामुळे स्वच्छ आहे की पीईआयने रिॲक्शनच बंद पाडल्यामुळे, हे या जेलवरून कळत नाही. दोन्ही दिसायला सारखेच.

प्रत्येक नळीतल्या सुपरनेटंटमध्ये दर मिलिला ०.३ ग्रॅम अमोनियम सल्फेट घाला, अर्धा तास बर्फात फिरवा, १५,००० जीला १५ मिनिटं. वरची साय आणि तळ दोन्ही घेऊन १०० मायक्रोलिटर स्टोरेज बफरमध्ये विरघळवा. साक्यासोबत पाणी येईल तितकं कमी, टिपकागदाने कडा टिपून घ्या. मग प्रत्येकातून तीन रिॲक्शन: ब्लँक, लॅम्डा १ नॅनोग्रॅम, आणि १६एसचाच ब्लँक पण त्यात डीएच५-अल्फाचा शुद्ध डीएनए १० पिकोग्रॅम मुद्दाम घालून. तिसऱ्यात बँड यायलाच हवा. तो आला आणि पहिल्यात नाही आला, तरच ०.२ टक्के बरोबर. दोन्ही नाही आले तर पीईआय उरलंय, अमोनियम सल्फेट एकदा पुन्हा करा.

डीएच५-अल्फाचा तो डीएनए विनाप्लाझ्मिड कल्चरमधून काढा आणि पातळ करताना ट्यूब बदला, पिपेटचं टोक प्रत्येक वेळी नवं. नॅनोग्रॅमची नळी एकदा जरी त्या बेंचवर सांडली तर पुढचे सगळे ब्लँक त्याच्याच नावाने येत राहतील. ती नळी पीसीआरच्या खोलीत आणूच नका, दुसरीकडे पातळ करून १० पिकोग्रॅमचे ठिपकेच आणा.

---

पिपेटवाली

बरोबर. स्पाइकच (मुद्दाम घातलेला डीएनए) नव्हता. पाचही नळ्या उद्या अमोनियम सल्फेटला घालते. उरलेल्या लायसेटमधल्या ५ मिलिवर डीएनएजही करून शेजारी लावते, पण त्यात आधीच ईडीटीए १ मिलिमोलर आणि तो ७५ अंशांतून गेलेला. मॅग्नेशियम वाढवून चालेल का?

---

मोलर_मास्तर

चालेल. मॅग्नेशियम ५, कॅल्शियम १ मिलिमोलर, ३७ ला ३० मिनिटं, मग ईडीटीए १० मिलिमोलर, आणि पुन्हा ७५ अंशांवर ३० मिनिटं. पहिली उष्णता आधीच झालीय, डीएनएजला मारायला दुसरी लागेलच. टॅकला दोन्ही सोसतात.

०.५ मोलर मीठ घातलेल्या नळ्यांवर मात्र डीएनएज करू नका. इतक्या मिठात ते जवळजवळ थांबतं. बिनमिठाचा लायसेट घ्या.

आणि याचाही स्पाइक लावा, १० पिकोग्रॅम घालून रिॲक्शन जशी लावता तशी, पण सायकल सुरू करण्याआधी २० मिनिटं ३७ ला ठेवून. डीएनएज उरलं असेल तर ते तिथे स्पाइक खाईल.

---

पिपेटवाली

३७ ला ठेवायचं लक्षात आलं नसतं. जेल झालं की इथेच टाकते.

---